शुद्ध केलेली मशीन

मी खुर्चीवरून उठलो की शिपाई तांब्या घेऊन यायचा. गोमूत्राचा. खुर्चीवर शिंपडायचा, टेबलावर शिंपडायचा. मग साहेब बसायचे. मी दाराबाहेर पडायच्या आत. माझ्या डोळ्यांदेखत.

यवतमाळच्या बाहेर, टेकडीवर, सरकारी वायरलेसची ती खोली. रेडिओचा डिप्लोमा घेऊन मी तिथे लागलो होतो. आमच्या वस्तीतला पहिलाच. शहरात कोणी खोली देईना, म्हणून बॅटऱ्यांच्या खोलीत राहायचो. ॲसिडच्या वासात जेवायचो, त्याच वासात निजायचो. जायला दुसरी जागा नव्हती.

सेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. पावसाळ्यात आवाज उमरखेडपर्यंत पोचायचा नाही. मोठा काचेचा व्हॉल्व्ह जिथे लहरींना ताकद देतो, तो शेवटचा भाग मी नव्याने बांधला. ती ताकद एरियलपर्यंत जायची तर मधली कॉइल आणि कंडेन्सर नेमके जुळावे लागतात. नाही जुळले तर ताकद मागे फिरते, व्हॉल्व्ह लालबुंद होतो. तांब्याची नळी हाताने वळवून कॉइल केली. मोडली. पुन्हा केली. एका सकाळी उमरखेडचा ऑपरेटर ओरडला, "साफ ऐकू येऊन राह्यलं!"

साहेबांनी पेढे वाटले. सगळ्यांच्या हातावर. माझा खिडकीत ठेवला. मी तो उचलला आणि खाल्ला.

मग दसरा आला. आमचा तो धम्म घेतल्याचा दिवस. मला विहारात न्यायला माय आर्णीहून पांढरं लुगडं नेसून आली होती. पण साहेबांना सेटची पूजा करायची होती. मागचं झाकण काढलेलं. शिपाई तांब्या घेऊन आत वाकला.

"साहेब, आत पानी जाऊ देऊ नका. जळन ते."

"तू बाहेर उभा राहा. तुझा हात लागलाय, म्हणून तर करतोय."

मी बाहेर उभा राहिलो. आरती ऐकली. मग साहेबांनी स्वतः स्विच दाबला. कडाड् आवाज. निळा जाळ. वास व्हरांड्यापर्यंत आला. कॉइल काळी पडली, व्हॉल्व्हची काच तडकली.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब चौकशीला येणार होते. त्याआधी आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "जुळणी माझ्या हातून चुकली, एवढं म्हण. नोकरी राहील. नाहीतर जा परत वावरात."

माय बॅटऱ्यांच्या खोलीतच थांबली होती. तिला सांगितलं.

"तुह्या हातानं जळलं का?"

"नाही, माय."

तिने माझे हात धरले. "तरी म्हनून टाक, बाबू. मले आता वावरात निंदाले जाववत नाही."

छप्पन साली घरातले देव हिनेच नेऊन ओढ्यात सोडले होते. तेव्हा अख्खं गाव अंगावर आलं, तरी ही घाबरली नव्हती. साहेबांचा राग करणं सोपं होतं. हिचा कसा करू?

मोठे साहेब आले. "सवलतीवर आलेला माणूस, सर," आमचे साहेब म्हणाले. "त्याला जुळणी जमली नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारात माय उभी.

"चूक माही नाही," मी म्हणालो. "सेटमंदी गोमूत्र टाकलं, म्हनून जळला. माह्या हातानं नाही जळला. तुमच्या शुद्धीनं जळला."

मोठ्या साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने जमिनीकडे. संध्याकाळपर्यंत मला काढून टाकलं.

आता आर्णीला दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचतो. शेजारच्या ओळीत माय वाकलेली असते. माझ्याशी बोलत नाही. कंबर धरून उभी राहते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही.

नोकरीसाठी फिरतोच आहे. पहिल्या नोकरीवरून काहून काढलं, असं सगळे विचारतात. मी आहे तेच सांगतो. दार बंद होतं. पुढच्या दारातही तेच सांगीन. माय रडली तरी सांगीन. जे मी जाळलं नाही, ते मी जाळलं असं म्हणणार नाही.