थोरल्या राऊळांचे पान

जोगेश्वरी पूर्वेच्या त्या इमारतीत राऊळांच्या घरी शुभकार्य असले की तळमजल्यावरच्या किराणावाल्यालाही ते कळे, कारण तिसऱ्या मजल्यावरून नंदकिशोर राऊळांचा आवाज जिन्याने खाली उतरत येई. कुडाळकडच्या त्यांच्या गावात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान राऊळांकडे होता. गिरणीत नोकरीला आलेल्या वडिलांनी तो मान घरातल्या समईसारखा मुंबईत सोबत आणला आणि त्यांच्यामागे तो रीतीप्रमाणे थोरल्याकडे आला. नारळ हातात धरून, डोळे मिटून नंदकिशोर 'बारा-पाचाच्या देवा म्हाराजा' अशी गावच्या साऱ्या देवांना हाक घालत. देवळातल्या देवीपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत एकेकाला नावाने बोलावत आणि घराचे मागणे पुढे ठेवत. प्रत्येक मागण्यापाशी जमलेली माणसे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणत. भिंतीला पाठ लावून बसलेली त्यांची आई त्या वेळी पदराने डोळे टिपी.

हाच आवाज संध्याकाळी निराळे बोले. अंधेरीच्या एका छापखान्यात नंदकिशोर यंत्रावर होते. तिथून सुटले की गुत्ता आणि गुत्त्यातून घर, असा त्यांचा रस्ता ठरलेला. पत्नी जानकी मार खाताना आवाज करीत नसे, कारण आवाज झाला की मार वाढे. एकदा शाळकरी श्रुतिका दोघांच्या मध्ये पडली. बापाची थप्पड तिच्या डाव्या कानावर बसली आणि तो कान पुढे कधी नीट ऐकता झाला नाही. तेव्हापासून ती समोरच्याकडे उजवा गाल वळवून बोलते. परक्यांना तो तिचा डौल वाटतो.

आईने सगळे उपाय केले. गावाहून अंगारा आणला, उपास धरले, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या लावल्या; बांद्र्याच्या जत्रेत मेणाचा माणूस विकत घेऊन तिथल्या चर्चमधल्या मोतमाउलीच्या पायाशी वाहिला. यात तिला काही विसंगत वाटत नव्हते. देव जितके तितके दरवाजे, कुठला तरी उघडेल, इतकाच तिचा हिशेब.

उघडला तो आरे कॉलनीच्या कडेला, गोठ्यांच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये. छापखान्यातल्या एका सोबत्याने नंदकिशोरना तिथल्या प्रार्थनासभेला नेले. ते पिऊनच गेले होते. पाळक बोलत होते, नंदकिशोर मागे भिंतीशी कलंडले होते. त्यांना एवढेच समजले, की कुणीतरी त्यांच्या पापाची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेऊन आधीच मरून गेला आहे, तो पुन्हा उठला आहे आणि बदल्यात काही मागत नाही. नवस नाही, नारळ नाही. आयुष्यभर देवांशी देण्याघेण्याचेच बोलणे केलेल्या त्या माणसाला हे फुकटचे दान सोसेना. तो लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी सुटलेली दारू पुन्हा ओठाला लागली नाही. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घर आनंदले. आईने येशूची तसबीर आणून देव्हाऱ्यात देवीच्या शेजारी ठेवली, तिला झेंडूचा हार घातला. "माझ्या झिलाक ह्येनी सुधारल्यान," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. चार दिवस नंदकिशोरनी ते चालू दिले. पाचव्या दिवशी त्यांनी तसबीर उचलली, हार काढला, ती कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आये, तो ह्यांच्या वांगडा, ह्या रांगेत बसणारो नाय. तारणारो तो एकटोच."

सारे बिघडले ते या एका शब्दापाशी. येशू कुणाला नको नव्हता. 'एकटोच' नको होता. नंदकिशोरनी नैवेद्याचे खाणे सोडले, आरतीला उभे राहणे सोडले, गाऱ्हाणे सोडले. आई त्याच वर्षीच्या थंडीत अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तिने एकच मागितले, थोरल्याच्या तोंडून एक गाऱ्हाणे. त्यांनी तिचा हात हातात घेऊन येशूपाशी प्रार्थना केली, मनापासून केली. म्हातारीने हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. ते तिने मरेपर्यंत इकडे वळवले नाही.

तेराव्यानंतर जानकीने त्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली. "पीत होतात तेव्हा रात्री घरी तरी येत होतात," ती म्हणाली. "आता त्या शेडमधून येताच कुठे?" नंदकिशोर आरेच्या कडेला एका खोलीत राहू लागले.

श्रुतिकाचे लग्न ठरले तेव्हा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश तिला घेऊन त्या खोलीवर आला. मुलाकडची माणसे मालवणची, जुन्या वळणाची. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी देवांना आणि गेलेल्या वडीलधाऱ्यांना पाने वाढायची, थोरल्याने गाऱ्हाणे घालायचे, त्यानंतरच मुलीला हळद लागायची, ही राऊळांची रीत त्यांनाही ठाऊक होती.

"दादा, आमी खंय तुझ्या येशूक नको म्हणतंव?" चंद्रप्रकाश म्हणाला. "गाऱ्हाण्यात त्येचाव नाव घे. सगळ्यांच्या आधी घे. बारा-पाचांत आणखी एक बसलो तर कोणाची जागा जाता?"

"चंदू, माका गटारातसून उचलल्यान त्या एकट्यान. त्येका आता रांगेत उभो करून 'तूव ये रे' म्हणान हाक मारू? तो तारणारो आसा तर एकटोच आसा. नायतर मग कोणच नाय."

"मोठो इलो एकटोवालो! देवांची काय निवडणूक लावलंस रे?"

श्रुतिका हसली नाही. ती उजवा गाल वळवून बसली होती, आणि नंदकिशोर सवयीने तिच्या उजव्या अंगाला सरकले होते.

"बाबा, तू मनात काय म्हणतोस ते कोणाला कळणारेय? तोंडाने बोल ना, संपलं. तुझा येशू एवढा छोट्या मनाचा आहे का?"

"तो नाही गं छोट्या मनाचा. याच तोंडाने मी दारू प्यायलो, याच तोंडाने तुझ्या आईला शिव्या घातल्या. ते त्याने धुतलंय. आता ते दोन्हीकडे चालवता येत नाही मला."

"म्हणजे मारलंस तेही तुझ्या मर्जीने, सुधारलास तेही तुझ्याच मर्जीने. आमच्या वाट्याला काय आलं, सांग ना."

"लग्नाला येईन, पाहुण्यांना पाणी देईन, म्हणाल ते काम करीन," नंदकिशोर म्हणाले. "फक्त तेवढं नाही." श्रुतिका उठली. दारात चंद्रप्रकाशने वळून विचारले, "पोरीपेक्षा मोठो झालो तो?" नंदकिशोर म्हणाले, "व्हय." ते म्हणताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण शब्द स्पष्ट होता आणि श्रुतिकाच्या उजव्या कानापर्यंत तो पोहोचला.

मग चंद्रप्रकाशने गावी कौल लावायला सांगितले. गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि समोर मोबाइल धरला. जोगेश्वरीत सगळे घर त्या छोट्या पडद्याभोवती गोळा झाले. थोरला गाऱ्हाणे घालत नसेल तर धाकट्याने घातलेले चालेल का? डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. थोरला असताना धाकट्याचे तोंड देवी ऐकणार नाही. मग कोपऱ्यातून जानकीचा आवाज आला, "थोरलो नसलो तर? तसा इचारा." गुरवाने विचारले. उजवी पाकळी तत्काळ पडली.

देवीने एवढेच सांगितले होते. पुढचे माणसांनी ठरवले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुमारास, नंदकिशोर इमारतीचा जिना चढले. कुणी बोलावले नव्हते; मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, दोन शब्द प्रार्थनेचे म्हणून परतावे एवढ्यासाठी ते आले होते. दार उघडेच होते. समोरच्या भिंतीशी पाटावर वडिलांची तसबीर होती, तिच्या शेजारी आईची, आणि आईच्या शेजारी त्यांची स्वतःची. छापखान्याच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून घेतला होता. त्याला हार होता. तिन्ही तसबिरींपुढे केळीची पाने वाढलेली होती: वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, खीर.

त्यांनी आत पाहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जानकी उभी होती. कपाळ कोरे, गळा मोकळा. ज्या माणसाने तिला कुंकू असताना सुख दिले नव्हते, त्याच्या नावाचे ते कुंकू तिने लेकीच्या लग्नासाठी स्वतःच्या हाताने पुसले होते, आणि विधवा म्हणून ती आता लेकीच्या हळदीलाही पुढे होऊ शकत नव्हती. तिने नंदकिशोरना पाहिले. नजर हलवली नाही.

मुलाकडून उष्टी हळद घेऊन आलेले, मुलाचे काका अनंतराव खुर्चीत बसले होते. दारात घुटमळणाऱ्या माणसाकडे पाहून त्यांनी अगत्याने विचारले, "या, या. आपण मुलीकडचे कोण?"

चंद्रप्रकाशच्या हातातला नारळ तसाच राहिला. हार घातलेल्या फोटोतल्या माणसाचे गाल भरलेले होते, मिशा होत्या. दारातल्या माणसाचे गाल बसलेले, मिशा गेलेल्या. पाटाजवळ बसलेली श्रुतिका बापाकडे पाहत होती, उजवा गाल वळवून. एक खरा शब्द आणि लग्न मोडले असते. खोटा शब्द बोलायचा नाही, असे त्यांनी त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या तारणाऱ्याला सांगितले होते.

"मी पूर्वी यांच्याकडे होतो," नंदकिशोर म्हणाले.

"कामाला?"

"कामाचा नव्हतो फारसा."

अनंतराव मोकळेपणाने हसले. "बरे झाले आलात. यजमान गेले तेव्हा होतात तुम्ही? फार देवमाणूस होते म्हणतात."

"नाही. पण त्यांना वाचवणारा भेटला होता. शेवटी."

"तेही नशीब लागते," अनंतराव म्हणाले आणि चंद्रप्रकाशकडे वळले. "आता पाने बाहेर ठेवायची ना? हे गृहस्थ ठेवून येतील खाली. मुलीच्या काकांना गाऱ्हाण्याला बसायचे आहे."

कुणी हलेना, तेव्हा जानकीच पुढे झाली. तिने तिन्ही पाने एका परातीत ठेवली आणि परात नवऱ्याच्या हातात दिली. देताना ती इतक्या हळू बोलली, की ते फक्त त्यांनाच ऐकू गेले. "तुमच्या हातानेच ठेवा. म्हणजे मी सुटले."

ते जिना उतरू लागले तेव्हा मागून पावले वाजली. श्रुतिका होती. वर दारात अनंतराव चप्पल शोधत उभे होते. तिने स्टीलचा छोटा डबा परातीच्या कडेला ठेवला.

"हे देवाला दाखवायच्या आधी काढून ठेवलंय, काका," ती म्हणाली. "जेवून जा."

नंदकिशोरना हात ठेवायचा होता, पण दोन्ही हात परातीखाली होते. "सुखी राहा," ते म्हणाले. ती वर गेली.

इमारतीमागे कुंपणाची भिंत होती. त्यांनी पाने रीतीने मांडली, आधी वडिलांचे, मग आईचे, मग स्वतःचे, आणि चार पावले मागे सरले. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माणसे गोळा झाली. आंब्यावरून कावळा उतरला. वडिलांच्या पानाकडे त्याने पाहिले, आईचे ओलांडले आणि थोरल्याच्या पानातला वडा सरळ उचलला.

"शिवलो! पयलो दादाकच शिवलो!" वरून चंद्रप्रकाशचा आवाज आला. त्यात खोटेपणा नव्हता, सुटका होती. "काय्येक इच्छा रवलेली नाय!"

"पुण्यवान आत्मा," अनंतराव म्हणाले. जानकी गॅलरीतून सर्वांच्या आधी आत गेली.

थोड्या वेळाने गाऱ्हाणे सुरू झाले. चंद्रप्रकाश अडखळत होता, राखणदाराचे नाव आधी आणि देवीचे नंतर घेत होता. नंदकिशोरना पुढची प्रत्येक हाक ठाऊक होती. माणसांचे 'व्हय म्हाराजा' खाली येई तेव्हा त्यांचे ओठ सवयीने उघडू पाहत. त्यांनी ते दातांखाली धरले. मग भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यांनी डबा उघडला. तेच वडे, तीच उसळ. डोळे मिटून त्यांनी त्या एकट्याचे आभार मानले, मुलीचे नाव त्याच्यापुढे ठेवले, जानकीचे ठेवले. तो ऐकतो आहे याविषयी त्यांच्या मनात त्याही घटकेला शंका नव्हती, आणि तेवढे सोडून त्यांच्यापाशी आता दुसरे काहीच नव्हते. डोळे उघडले तेव्हा कावळा त्यांच्या पानावरचा भात संपवीत होता. त्यांनी घास घेतला. वर लेकीला हळद लागत होती, आणि भिंतीच्या दोन टोकांना दोघेही मुकाट्याने जेवत होते.