गुरुदासच्या गाठीची काच

गुरुदासने यशोदाचे पुढचे दोन दात पाडले ते भर दुपारी, आचऱ्यातल्या घराच्या अंगणात, अर्धी वाडी बघत असताना. कोणी मध्ये पडलं नाही. तिचा नवरा लवू बोटीसकट समुद्रात बुडून वर्ष सरलं होतं, आणि तिने एवढंच म्हटलं होतं की मी मासळीच्या टोपलीवर बसणार नाही, बारावी सायन्स झालेय, लॅबचा कोर्स करीन.

"आमची मासळी वास मारता काय गे?" दिराने विचारलं आणि बुक्की घातली. ती पडल्यावर लाथही घातली. सासू यमुनाबाई ओट्यावर बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

यशोदाने रक्त थुंकलं, पिशवी उचलली आणि एसटी पकडून रत्नागिरीला गेली. कोर्स केला. अशा बाईला लोक सोशीक म्हणून मोकळे होतात. कसली सोशीक! जीभ त्या दोन खिडक्यांत गेली की तिला रोज तो दिवस आठवायचा, आणि रोज ती मनातल्या मनात गुरुदासला मारायची. पुढे कवळी बसवली, तरी सवय गेली नाही.

पुढे आचऱ्याजवळच किनाऱ्यावरच्या ट्रस्टच्या इस्पितळात तिला नोकरी लागली आणि ती तिथल्याच खोलीत राहू लागली. काम गाठींचं. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. काच वाचणार डॉक्टर आरिफा. ही बाई जयगडच्या दर्यावर्दी घराण्यातली, बोलायला तिखट. रंग फिका आला तर म्हणायची, "यशोदा, ही काच आहे की खिडकी?"

त्या खोलीतली सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे फ्रिजमधली एक इवलीशी बाटली. तिच्यात प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटिबॉडीचं, पाणी. ते काय करतं हे सांगायला फार शास्त्र लागत नाही. आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात, परका दिसला की फाडून खातात. त्यांनी आपल्याच माणसांना खाऊ नये म्हणून काही पेशी अंगावर एक प्रथिन मिरवतात, पीडी-एल-वन नावाचं. ते दिसलं की पहारेकरी हात आवरतो. कॅन्सरची गाठ लबाड, ती हेच प्रथिन पांघरून बसते. बाटलीतलं प्रतिपिंड त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि मग रंग घातला की तिथे तपकिरी उमटतं, बाकी काच निळी राहते. उमटलं, तर पहारेकऱ्यांना पुन्हा सोडणारं औषध चालण्याची आशा. नाही उमटलं, तर नाही.

आणि प्रतिपिंड जिवंत आहे की मेलंय हे कळावं म्हणून प्रत्येक वेळी शेजारी एक काच वारेची लावायची. वार म्हणजे बाळंतपणात मुलामागून पडते ती. पोटातलं मूल अर्धं परकंच, तरी आई त्याला खात नाही, कारण वारेवर हेच प्रथिन खच्चून असतं. तेव्हा वारेची काच तपकिरी व्हायलाच पाहिजे. ती निळीच राहिली तर बाटली मेली, असं बेलाशक समजावं.

गुरुदासला खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि तो आला तो याच इस्पितळात. दुसरीकडे जाणार कुठे? छातीत सुई घालून शेवईएवढा तुकडा काढला तेव्हा हा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, म्होरक्या लहान पोरासारखा ओरडला. यशोदा भिंतीपलीकडे उभी राहून ऐकत होती. तिला बरं वाटलं.

गाठ फुप्फुसाची निघाली. औषध ट्रस्टमार्फत मिळणार होतं, पण काच तपकिरी निघाली तरच. आरिफाबाईंना सगळं माहीत होतं, दातांचंही. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कोणाला सांगू का हे काम?"

"दुसरा आहे कोण?" यशोदा म्हणाली आणि तिने वडी कापायला घेतली.

रंगवायचं होतं त्याच दिवशी समुद्रात मारामारी झाली. बाहेरून आलेल्या पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे घेराच्या मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटवाल्यांनी, रापणीवाल्यांच्या हद्दीत जाळं टाकलं. होड्या होड्यांवर आदळल्या, दगड सुटले, आणि आचऱ्याच्या बाबलच्या डोक्यात लोखंडी पहार बसली. त्याला इस्पितळात आणला तेव्हा कवटी उघडी होती. टेबलावरच गेला. तेवीस-चोवीसचा पोरगा. आता मारणारे समुद्रात पळालेले, मग हात कोणावर टाकणार? हाताशी इस्पितळ होतं.

फाटकातून शे-दीडशे माणसं आत घुसली. पुढे गुरुदास, हातात वल्हं, खोकत आणि शिव्या देत. तपासणीच्या खिडक्या फुटल्या, रक्ताच्या पिशव्या जमिनीवर फुटून पाय घसरू लागले, आणि त्यांत कोणाचं रक्त कोणतं हे कळेनासं झालं. लॅबचं दार एका लाथेत आलं. यशोदा फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.

"गुरुदास, मागे हो! तुझी गाठ आसा हंय!"

"माझी गाठ माझ्या छातीत आसा! बाबल खंय तो सांग!" त्याने वल्हं फिरवलं. ती वाकली. फ्रिजचं दार चेपलं. दुसऱ्याने तिच्या पाठीत स्टूल घातलं, तिने त्याच्या हाताचा असा चावा घेतला की कवळी तुटून त्याच्या मनगटात राहिली. वड्यांचा खण खाली आला आणि बुटांखाली मेणाचा चुरा झाला. त्यात गुरुदासचीही वडी गेली. आदल्या दिवशी कापून काचेवर घेतलेला एकच काप काय तो वाचला. तो उबेला ठेवलेल्या पेटीत होता, आणि त्या पेटीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मग कुठेतरी वायर जळल्याचा वास आला आणि वीज गेली. जनरेटर तर त्यांनी येतानाच फोडला होता.

बाटली तिने चेपलेल्या दारातून ओढून काढली, डबीत टाकली आणि मागच्या बाजूने बाहेर पळाली. फाटकाशी यमुनाबाई मासळी विकायला बसत असे. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींसमोरून जात, बोलणं नाही. त्या दिवशी म्हातारी टोपली आवळून भिंतीला चिकटली होती.

"आये, ह्यां तुझ्या मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेव. थंड ऱ्हवाक व्हया. बर्फ कमी पडूक देव नको. गुरुदासचा औषध ह्येच्यावर आसा."

"माझ्या झिलाचा?"

"तुझ्याच. तोच थंय नाचता मां वल्ह्यां घेवन."

आणि ती परत आत धावली, कारण आरिफाबाईंची किंकाळी तिने ओळखली होती. दोघांनी त्यांना केसांना धरून जिन्यावरून ओढत आणलं होतं, तिसरा हेल्मेटने हातावर मारत होता. हाड मोडल्याचा आवाज यशोदाने ऐकला. ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी तिच्या हाताला लागली. ती एकाच्या नडगीवर, दुसऱ्याच्या गुडघ्यावर अशी घातली की दोघेही पायऱ्यांवरून खाली गेले. पोलिस आले तोवर अंगण काचांनी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. यमुनाबाईने डबी आणून दिली, वर पुसूनही. बाटली थंडगार. यशोदाने उरलेला काप घेतला, शेजारी वार लावली, आणि सुजलेल्या बोटांनी सगळं पार पाडलं.

आधी तिने गुरुदासची काच पाहिली. निळी. तपकिरीचा ठिपकासुद्धा नाही. सरळ सांगायचं तर तिच्या अंगावरून सुखाचा गार वारा गेल्यासारखं झालं. मग वारेची काच लावली. तीही निळी. कडेपासून कडेपर्यंत.

बाटली मेली होती.

आरिफाबाई हात गळ्यात बांधून दारात उभ्या राहिल्या. "काय निघालं दिराचं?"

वारेची काच यशोदाच्या मुठीत होती. कचऱ्याच्या डब्यात फुटलेल्या काचांचा ढीग होता, तिथे आणखी एक गेली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. वार तपकिरी होती, हातून फुटली, एवढं म्हणायचं, की गुरुदासची निळी खरी ठरली असती आणि त्याला औषध मिळालं नसतं. तो मेला असता, आणि तिने हात लावला असंही कोणी म्हटलं नसतं. तिला तो मेलेला हवा होता, यात काही शंका ठेवू नये. पण खोटी काच हातून द्यायची? या माणसाने दात घेतले, आता हातचं कामही घेणार? या विचाराने तिला इतका संताप आला की तिने वारेची काच टेबलावर आपटलीच.

"काही निघालं नाही. प्रतिपिंड मेलं. वारसुद्धा निळी आहे."

"कसं मेलं?"

"ते बघून येते."

आचऱ्याच्या त्या अंगणात ती किती वर्षांनी पाऊल टाकत होती. यमुनाबाई ओट्यावर, गुरुदास खाटेवर.

"आये, डबी खंय ठेवलंस?"

"बर्फात मां. तू सांगलंस बर्फ कमी पडूक नको, म्हणान मूठ मूठ मीठ घातलंय. मिठान बर्फ धरता. सुरमय बघ, दगडासारी ऱ्हवता."

यशोदाने कपाळाला हात लावला. कोळणीची सून ती, तिला कळायला नको होतं? मीठ घातलं की बर्फ आणखी गार होतो, पाणी गोठण्याच्याही खाली जातो. त्यात सुरमई टिकते. प्रतिपिंड टिकत नाही. रात्रभर गोठलं, सकाळी विरघळलं, बाहेरून जसंच्या तसं.

"गोठला ता. मेला. तपासणी फुकट गेली."

गुरुदास उठला. "म्हणजे माजा औषध?"

"वडी तुमच्याच बुटांखाली गेली, बाटली मिठात. आता परत सुई घालूक होयी."

तो यशोदावर आला नाही. आईवर गेला. तिचा अंबाडा धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं. "मारलंस माका, म्हातारे! आवस मां तू माजी?" दुसऱ्यांदा आपटलं. म्हातारीच्या भुवईतून रक्त आलं. ती ओरडली नाही, तिने फक्त दोन्ही हात डोक्यावर घेतले, आणि ते हात इतके सराईतपणे वर गेले की यशोदाला कळलं, हे आजचं नाही.

वल्हं दाराशीच टेकलं होतं. यशोदाने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडलं. तो वळला तेव्हा खांद्यावर घातलं. तिसऱ्या फटक्याने तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला आणि खोकता खोकता त्याच्या तोंडातून रक्ताची गुठळी पडली. वाडी जमली होती. या वेळीही कोणी मध्ये पडलं नाही.

"वयनी," तो धापा टाकत म्हणाला, "परत सुई नको गे."

"घालूक लागतली. उद्या सकाळी ये. नाय इलंस तर हेच वल्ह्यां घेवन न्हेवक येतंय."

आला. प्लास्टर घालून, भावकीतल्या दोघांच्या मध्ये. पुन्हा सुई घातली, नवी वडी केली. नवी बाटली मुंबईहून आली ती कुरिअरवाल्याच्या हातून यशोदाने स्वतः घेतली आणि फ्रिजला कुलूप लावलं. वार तपकिरी झाली, अगदी कॉफीसारखी. मग गुरुदासची काच. गाठीच्या पेशीपेशीभोवती तपकिरी कड, दाट, शंका घ्यायला जागा नाही. आरिफाबाईंनी डाव्या हाताने सही केली.

यमुनाबाई टाके घातलेली भुवई घेऊन दारात उभी होती. "जगतलो?"

"औषध देतले. फुडचा माका काय म्हायत नाय."

त्याच दुपारी फौजदार जबाब घ्यायला आला. वॉर्डबॉयने काही पाहिलं नव्हतं. नर्सने काही पाहिलं नव्हतं. सगळे गाववाले, सगळ्यांना परत गावातच राहायचं होतं. फौजदाराने कंटाळून यशोदाला विचारलं, "तुम्हीही काही पाहिलं नसेल?"

"पुढे वल्हं घेऊन माझा दीर होता," ती म्हणाली. "गुरुदास. लिहा. बाकीच्यांची नावंही सांगते."

बाहेर यमुनाबाईने ऐकलं. ती आत येऊन शिव्या घालील, छाती बडवील, असं सगळ्यांना वाटलं. ती आली, बाकावर बसली आणि फौजदाराला म्हणाली, "माजा पण लिवा. ही भुवय तेनाच फोडल्यान."

गुरुदासला पहिलं सलाईन लागलं तेव्हा खाटेच्या एका बाजूला औषधाची बाटली लटकत होती आणि दुसऱ्या बाजूला हवालदार पेपर वाचत बसला होता. यशोदा औषधाचं लेबल तपासून गेली. गुरुदासने भिंतीकडे तोंड फिरवलं. फिरवू दे.