अकरा शनिवार आणि शेठजींची फटफटी

आमच्या घरात एक जुनी मोटारसायकल घ्यायची की नाही, हे ठरवायला अकरा शनिवार लागले. कारण एवढंच, की मला सुट्टी शनिवारी असते आणि आमच्याकडे शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत.

मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्या भिंतीला लागून सळयांची मिल आहे. तिथून शनिवारीसुद्धा ट्रकच्या ट्रक लोखंड बाहेर पडतं आणि शनिमहाराजांनी अजून कुणाचा ट्रक अडवल्याचं ऐकिवात नाही. हे मी आईला समजावून सांगायला गेलो. आईनं भाजी निवडता निवडता निकाल दिला, "ते विकतेत. आपल्याला घ्यायचंय. विकणाराला शनिवार नसतो, घेणाराला असतो." (आईची शाळा चौथीपर्यंत झाली आहे. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या भावकीत अजून जन्मलेला नाही.) बरं, दुसऱ्या एखाद्या दिवशी रजा काढावी, तर ऐन बियाण्याचा हंगाम. त्या दिवसांत आमच्याकडे रजा मागणाऱ्याकडे साहेब त्याचं डोकं फिरल्यासारखं पाहतात.

ही फटफटी माझ्या डोक्यात भरवली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आम्ही मूळचे जाफराबादकडचे. अण्णा तरुणपणी तिथल्या पारसमल शेठकडे कापसाच्या हंगामात कामाला होते. शेठ आणि अण्णा फटफटीवरून गावोगाव कापूस पाहत हिंडायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला, शेती थोरल्या भावाकडं गेली आणि अण्णा-आई आमच्या जालन्याच्या फ्लॅटमध्ये आले. इथं अण्णांना काही म्हणजे काही काम नव्हतं. पेपर दोनदा वाचायचे, लिफ्टनं खाली जायचे, लिफ्टनं वर यायचे. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा तो फक्त संध्याकाळी, माझी मुलगी श्रावणी शाळेतून आल्यावर. ती बॅग टाकायची आणि म्हणायची, आजोबा, फटफटीची गोष्ट.

त्या गोष्टी मीही लहानपणी ऐकल्या होत्या. पुराच्या पाण्यातून अण्णांनी फटफटी काढली आणि मागं बसलेले शेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते, ही सगळ्यात गाजलेली. श्रावणीनं तर शाळेत ‘माझा आदर्श’ या निबंधात अण्णांना पुरात घातलं होतं आणि शेवटी त्यांच्या अंगात मगरीशी लढायचं बळही दिलं होतं. नातीच्या नजरेतली ही जागा एवढीच एक इस्टेट अण्णांनी गावाहून सोबत आणली होती.

आणि एका लग्नासाठी जाफराबादला गेलो असताना मला शेठच्या गोदामात तीच फटफटी दिसली. मला एकदम भरून आलं. ठरवलं, ही घ्यायची, नीट करायची आणि अण्णांच्या हातात किल्ली ठेवायची.

अण्णा ऐकून आनंदतील असं वाटलं होतं. अण्णा म्हणाले, "भंगार हाय." मग म्हणाले, पार्ट मिळत नाहीत. मग म्हणाले, पेट्रोल लई पिते. मग माझी बायको सुनीता लिफ्ट बंद पडल्याचं सांगायला आली, तर म्हणाले, बघ, नवी यंत्रं टिकत नाहीत, मंग जुनं काय टिकणार. वडील खर्चाला भितात, असा मी अर्थ काढला आणि दर शनिवारी एसटीनं जाफराबादला जाऊ लागलो. विकत घ्यायला नव्हे, नुसतं पाहायला. पाहण्याला शनीची हरकत नव्हती, हे मी आईकडून आधीच मंजूर करून घेतलं होतं.

पाहण्यासारखं पुष्कळ होतं. टाकीवरचं कंपनीचं नाव उडालं होतं. हॅण्डलवर शेठचं धोतर वाळत होतं. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. उंदरांनी सीटमधला मूळचा माल काढून तिथं गोदामातला कापूस भरला होता, तोही निवडून पांढरा. मी कोपऱ्यातून फुंकर मारून धूळ उडवली आणि पुढची दहा मिनिटं शिंकत राहिलो. पारसमल शेठ आता ऐंशीच्या पुढचे. मुलगा दुकान पाहतो, शेठ गादीवर बसून रस्ता पाहतात. मी गेलो की त्यांना कोण आनंद. किमतीचं विचारलं की म्हणायचे, "जल्दी काय हाय? चहा घ्या. सौदा काय पळून जाऊन राह्यला?" चहा पिऊन मी परत यायचो. असे चार शनिवार गेले.

पाचव्या शनिवारी मी सहज पुराची गोष्ट काढली. म्हटलं, शेठजी, तुम्ही मागं बसून डोळे मिटले होते म्हणे.

शेठ हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "नवकार म्हणत होतो, ते बराबर. पण डोळे मिटून कसं चालंल? गाडी मी चालवत होतो ना. डोळे माणिकरावांनी, तुमच्या अण्णांनी मिटले होते. वरून माझ्या नावानं मारुतीला नारळ बोलले. मी जैन माणूस, जाऊन फोडून आल्तो."

अण्णांना फटफटी येतच नव्हती! जन्मात कधी हॅण्डलला हात लावला नव्हता. ते शेठच्या मागं बसायचे, मांडीवर कापसाच्या नमुन्यांची पिशवी घेऊन. अण्णांचा नकार पैशापायी नव्हता, हे माझ्या टाळक्यात पाच शनिवारांनी शिरलं. गाडी दारात चालू होऊन उभी राहिली, की श्रावणी म्हणणार, आजोबा, बसा. आणि अण्णांची ती एकुलती एक इस्टेट जाणार. तीही मी, त्यांचा गुणी मुलगा, हौसेनं बुडवणार!

घरी येऊन मी जाहीर केलं की गाडीत दम नाही, विचार रद्द. वाटलं, अण्णा सुटले. सुटले ते खरंच, पण जरा जास्तच सुटले. संकट टळलंय म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. "अरारा," ते श्रावणीकडं पाहून म्हणाले, "मी तर तुला मागं बसवून मोती तलावापर्यंत चक्कर मारणार होतो." मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. पण मला काही माहीत आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. ते पुढं म्हणाले, एका हातानं चालवून दाखवली असती.

श्रावणीनं माझा मोबाइल उचलला, बाल्कनीत गेली आणि सरळ शेठना फोन लावला. काय बोलली कुणास ठाऊक. पाच मिनिटांनी आत येऊन म्हणाली, शेठआजोबा गाडी फुकट देऊन राह्यले. अण्णांच्या हातातून पेपर गळाला.

मी आशेनं आईकडं पाहिलं. आईनं मला निराश केलं नाही. म्हणाली, शनिवारी लोखंड विकत घेणं वाईट, पण फुकट घेणं म्हणजे शनीचं दान घेणं. शेठला असेल नसेल ती साडेसाती आपल्या पार्किंगमध्ये. मी मनात म्हटलं, चला, वाचलो. पण श्रावणी रडायला लागली, जेवायची थांबली, आणि तिसऱ्या दिवशी अण्णाच मला बाजूला घेऊन पडेल आवाजात म्हणाले, "घेऊन टाक. पोरगी वाळून राह्यली."

पुढच्या शनिवारी शेठनं अट घातली. गाडी टेम्पोत घालायची नाही, त्यांच्या दारातून ती तिच्या पायानंच जाईल. म्हणून आमच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा लतीफ मिस्तरी मी चार शनिवार सोबत नेला. त्यानं कुंभारमाशीचं घर मोडलं, उंदरांना नोटीस दिली, कार्ब्युरेटर धुतला. दहाव्या शनिवारी फटफटी एकदा खोकली आणि चालू झाली. गोदाम धुरानं भरलं. त्या धुरात उभं राहून मी लतीफला शनीची अडचण सांगितली. त्यानं हात पुसत विचारलं, "मेरे को कौनसा शनिवार? मैं खरीद लेता. इतवार को तुमकू बेच देता." एवढा सोपा उपाय आमच्या सबंध घराण्याला सुचला नव्हता!

अकराव्या शनिवारी लतीफनं नावापुरते पैसे देऊन गाडी विकत घेतली आणि आम्ही निघालो. लतीफ पुढं, मी मागं. मला तसल्या गाडीचे गिअर उमगत नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिच्या आवाजाचीच मला भीती वाटत होती. भोकरदनपर्यंत मी लतीफचा शर्ट धरला होता. त्यापुढं लतीफला.

रविवारी सकाळी, आमची पाळी सुरू व्हायच्या आत, आमच्या आवारात सौदा झाला. आईनं गाडीला हळद-कुंकू लावलं. शेठ मुलाच्या कारनं मुद्दाम आले होते. सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. आणि मी ज्याला दीड महिना भीत होतो ते झालं. श्रावणीनं अण्णांच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं हेल्मेट घातलं.

अण्णा पट्टा नुसताच चाचपू लागले. मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, अगं, आजोबांच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली आहे. खोटं बोलण्यात मी इतका कच्चा आहे, की आईनंसुद्धा मान फिरवली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं की त्यांना कळलं. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"श्रावणे," ते म्हणाले, "मला गाडी येत न्हाई. कधीच येत नव्हती. मी मागं बसायचो."

मला अण्णांच्या जागी मीच उभा असल्यासारखं वाटत होतं. श्रावणी कपाळाला आठ्या घालून उभी होती. मग शेठ काठी टेकत पुढं आले.

"बेटा, गाडी मी चालवायचो," ते म्हणाले. "पण मला रस्ते कुठं माहीत होते? पाणी कुठून उथळ, ते यांनाच ठाऊक. उजव्या खांद्यावर थाप मारली की मी उजवीकडं, डाव्यावर मारली की डावीकडं. त्या दिवशी यांची थाप चुकली असती, तर आज मी न्हाई आणि माझा हा पोरगाबी न्हाई."

"पण डोळे तर मिटले होते ना यांनी?" श्रावणीनं विचारलं.

"मिटूनच सांगितलं," शेठ म्हणाले.

श्रावणीनं क्षणभर विचार केला. डोळे मिटून पुरातून गाडी काढणारा माणूस तिला नुसत्या गाडी चालवणाऱ्यापेक्षा भारी वाटला असावा. तिनं हेल्मेट घेऊन पुन्हा अण्णांच्या डोक्यावर बसवलं आणि म्हणाली, मंग मागं बसून दाखवा.

दोघांना डबल स्टँडवरच बसवायचं ठरलं. शेठ पुढं, अण्णा मागं. लतीफनं किक मारून दिली. मला काम एकच होतं, मागचं कॅरिअर घट्ट धरायचं. पण चाळीस वर्षांनी ते दोघं तसे बसलेले पाहिले, अण्णांचा हात शेठच्या खांद्यावर गेलेला पाहिला, आणि मला फोटो काढायची बुद्धी झाली. मी कॅरिअर सोडलं. नेमका त्याच वेळी शेठनं जुन्या सवयीनं गिअर टाकला.

गाडी स्टँडवरून उतरली आणि दोघा म्हाताऱ्यांना घेऊन सरळ निघाली. समोर तळमजल्यावरच्या शिंदेकाकूंच्या कुरडया वाळत होत्या. अण्णांनी डाव्या खांद्यावर थापांचा पाऊस पाडला, शेठ उजवीकडं वळले, आणि फटफटी कुरडयांच्या तीन रांगा ओलांडून काकूंनी ऊन दाखवायला ठेवलेल्या गाद्यांच्या ढिगाऱ्यात जाऊन रुतली आणि बंद पडली. आम्ही सगळे धावलो. कुणाला खरचटलंही नव्हतं. शेठ गदगदा हसत होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "मी डावीकडं म्हणलो होतो." असे खुशीत असलेले अण्णा मी गावाहून आल्यापासून पाहिले नव्हते.

काकूंना कुरडया आईनं करून दिल्या. त्या पिळून द्यायला मीच होतो. फोटोत माझा अंगठा आला आहे, बाकी काही नाही.

गाडी आता खाली उभी असते. लतीफ शुक्रवारी येऊन श्रावणी आणि अण्णांना एक एक चक्कर मारून आणतो. अण्णा आता गोष्ट खरी सांगतात, आणि पूर पूर्वीपेक्षा हातभर वर चढला आहे.

माझं म्हणाल, तर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी जाफराबादहून ती अवघड गाडी जालन्यापर्यंत कशी चालवत आणली, हे अधूनमधून सांगत असतो. परवा भोकरदनच्या वळणावर मी एका हातानं गाडी सावरली, इथवर गोष्ट आली होती आणि नवी पोरं भजी खायची विसरली होती. पाहतो तर माझ्या मागच्याच बाकावर लतीफ मिस्तरी. तो कधी येऊन बसला, मला कळलंच नाही. पोरांनी त्याला विचारलं, मिस्तरी, खरं का हे? लतीफनं चहाचा घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "एकदम बराबर. साब चला रहे थे, मैं पीछे बैठा था. डर के मारे इनका शर्ट पकड के."

मी माझी भज्यांची बशी मुकाट्यानं त्याच्याकडं सरकवली.