बॉडी तयार हाय

एका इंग्रजी शब्दावर अख्खा जन्म काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या मामांना ‘बॉडी’ एवढाच शब्द पुरतो. लासुर्ण्याला रस्त्याच्या कडेला त्यांची शेड आहे, तिथं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या बॉड्या बांधतात. शब्द धंद्यातून आला हे खरं, पण तो शेडमध्ये काही थांबला नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या भाच्याचा दंड दाबून मामा म्हणतात, “बॉडी कमावली गड्या!” पाण्याची मोटर बिघडली की “आतलं गेलंय, बॉडी शाबूत हाय.” डॉक्टरांनी छातीला नळी लावली की तेच डॉक्टरांना सांगणार, “बॉडी जुनी हाय सायेब, पर इंजन बगा कसलं हाय!” आणि दूध सोसायटीची निवडणूक झाली की मामांच्या भाषेत ‘नवी बॉडी बसते’.

हे सगळं ऐकायला गोड आहे, पण मामांबरोबर चारचौघांत बसणाऱ्याला विचारा. एकदा आम्ही लोणी भापकरला एका घरी भेटायला गेलो होतो. त्या घरातले वडील आदल्या दिवशी वारले होते. माणसं खाली मान घालून बसलेली. शेजारच्या गृहस्थानं हळूच विचारलं, सोसायटीचं काय झालं? मामांना हळू बोलता येत नाही. सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “जुनी बॉडी काल उचलली. तशी बी लय दिवस कुजत पडली हुती.” मी घोंगडीच्या दशा मोजत बसलो. परत येताना गाडीवर मामाच मागून म्हणाले, “जावयबापू, काय चुकलं का माजं?” त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

कळलं ते गेल्या वर्षी, आणि फार वाईट तऱ्हेनं कळलं.

वरकुट्याच्या एका शेतकऱ्यानं मामांकडे ट्रॉली करायला टाकली होती. काम झालं तेव्हा मी शेडमध्येच चहा पीत बसलो होतो. मामांनी फोन लावला. तो शेतकरी त्या वेळी बारामतीला दवाखान्यात होता, वडिलांना, म्हणजे आबांना, छातीत दुखतंय म्हणून दाखल केलं होतं, आणि फोन घरी चार्जिंगला राहिला होता. यातलं आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. फोन त्याच्या बायकोनं उचलला.

“बॉडी तयार हाय,” मामा म्हणाले. “न्यायला या.”

पलीकडून बारीक आवाजात तिनं विचारलं, “कवा झालं?”

“आत्ताच की. ट्रॅक्टर घिऊन या, जड हाय. आन् दुपारच्या आत न्या, हितं ठिवायला जागा न्हाय.”

फोनमधून जी किंकाळी आली ती मला बाकड्यावर ऐकू आली. मामा फोनकडे बघत राहिले. “पोरगी रडाया का लागली?” ते म्हणाले. त्यांनी दोनदा परत लावला, कुणी उचलला नाही.

तासाभरानं दवाखान्यातून शेतकऱ्याचाच फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. तो रागावलासुद्धा नाही, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, “मामा, आबा बरं हायती. पेज पित्यात. पर तुमी घरी काय सांगितलं? ट्रॅक्टर भरून माणसं आल्यात हितं. आन् तिकडं घरी आईनं कपाळ पुसलं.”

मामा खालीच बसले. लोखंडाच्या चुऱ्यात, पांढऱ्या धोतरानिशी.

मी त्यांना गाडीवर घातलं आणि आधी बारामती गाठली. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. कोण आलंय हे कळल्यावर त्यांना इतकं हसू लोटलं की नर्स धावत आली. “आरं ये की आत,” ते म्हणाले, “माजी बॉडी न्यायला आलास व्हय?” सगळी खोली हसली. मामांनी टोपी काढून हातात धरली होती, ती ते चुरगाळत राहिले. “आबा,” ते म्हणाले, “मला आजींकडं जायाचंय.”

वरकुट्याला पोचलो तेव्हा आजी, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या आई, ओसरीवर होत्या. तोवर खरं काय ते कळून त्यांनी पुन्हा कुंकू लावलं होतं, पण घासून घासून कपाळाची कातडी भोवतीनं लाल झाली होती. मामांनी ते पाहिलं आणि अंगणातच हात जोडले. माझीही मान वर होईना. आजीच म्हणाल्या, “उन्हात का हुबा ऱ्हायलास? जित्ता हाय न्हवं त्यो? मग झालं. बस, च्या घे.” मामा बसले नाहीत.

आता ट्रॉली झाली की मामा फोन करत नाहीत. मोटारसायकल काढून गिऱ्हाइकाच्या दारात जातात आणि “तुमचं काम झालंय” एवढंच सांगतात. भाचा दंड दाखवतो, तर नुसतं हसून त्याच्या पाठीवर थाप मारतात. आणि बाजाराच्या दिवशी येताना वाट वाकडी करून वरकुट्याला थांबतात, आबांसाठी पेरू नाहीतर केळी घेऊन. त्या घरात तो फोन आता हसायचा विषय झालाय. आबा येईल त्या पाहुण्याला मामांची नक्कल करून दाखवतात.

मागल्या आठवड्यात मीही बरोबर होतो. आजींनी चहा आणून दिला, आणि मामा नेहमीसारखे बशीत बघून पिऊ लागले. “आता तरी वर बग की रं,” आजी म्हणाल्या. मामा “व्हय, व्हय” म्हणाले, आणि बशी संपली तरी तिच्यातच बघत राहिले.