पाहुण्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून

जव्हारच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवतो आणि वेळ पडेल तशी नाटकं बसवतो. म्हणजे वरून विषय येतो, मी त्यावर वीस मिनिटांचं पथनाट्य लिहितो आणि आम्ही ते पाड्यापाड्यांवर नेतो. दारू, मतदान, शौचालय, सगळं माझ्या हातून झालेलं आहे. घरी कपाटात नाटकावरची पुस्तकं आहेत. शौचालयावर लिहिताना त्यांची फारशी मदत झाली नाही.

गेल्या वर्षी विषय आला, ताप अंगावर काढू नका. मी लिहिलेली गोष्ट सरळ होती. लहान मुलीला ताप भरतो, सासू अंगारा लावते, आई घाबरते, कुणीतरी फोन करतं, दवाखान्याची गाडी येते आणि मुलगी वाचते. गाडी पुठ्ठ्याची होती. चित्रकलेच्या सरांनी ती रंगवली होती आणि तेच ती छातीशी धरून, तोंडाने भोंगा वाजवत येत.

आईच्या कामासाठी मी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीताईंना घेतलं. चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तापाने गेली होती, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घेतलं, हे आज लिहायला हवं. नटाने स्वतःचं दुःख भूमिकेत आणावं असं मी कुठेतरी वाचलं होतं. दुःख दुसऱ्याचं असलं की असल्या वाक्यांखाली रेघ मारताना हात अडखळत नाही.

वाचन झाल्यावर ताईंनी एकच विचारलं.

"यात पोरगी वाचते ना, सर?"

"वाचते."

"मग करते."

प्रयोग त्यांच्याच पाड्यावर, शाळेपुढच्या अंगणात होता. मोठे पाहुणे येणार म्हणून मंडप, खुर्च्या, शाली, नारळ आणि बॅनर. बॅनरवरचा पाहुण्यांचा फोटो आमच्या गाडीपेक्षा मोठा होता. वेळ अकराची दिली होती. साडेबारा झाले तरी पाहुणे खोडाळ्याच्या पुढे सरकले नव्हते. माणसं कामं टाकून आलेली, शेवटी मी सुरू करायला सांगितलं.

चादरीचं बोचकं मांडीवर घेऊन ताई रडायला लागल्या तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग भोंगा वाजला, गाडी आली, टाळ्या पडल्या. ताई हसल्या, अगदी मनापासून, आणि घाम पुसत बाजूला जाऊन बसल्या. बोचकं अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. सत्कार झाले. पाहुण्यांबरोबरचा एक माणूस माझ्या कानाशी लागला. "साहेबांनी नाटक पाहिलं नाही. फोटोही नाहीत. पुन्हा घ्या, पहिल्यापासून."

मी ताईंना सांगितलं.

"आत्ता तर वाचली ती."

"वीस मिनिटं फक्त, ताई."

"तिला परत ताप आणू?"

सासूचं काम करणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, "सर, नुसता शेवट दाखवा की. साहेबांना टाळ्याच वाजवायच्यात. आधीचं मी त्यांना तोंडी सांगते."

एकदोघं हसले. मी ताईंपुढे हात जोडले. हेही लिहायला हवं.

दुसऱ्या खेपेला ताई रडल्या नाहीत. माझं एकही वाक्य त्यांनी घेतलं नाही. बोलल्या त्या घरच्या बोलीत, जी मला अर्धीच कळते. सासूने पुढे केलेला अंगारा त्यांनी मुकाट्याने पोरीला लावला. मग गाडीची वाट न बघता बोचकं उचलून त्या उठल्या आणि सरळ माणसांत शिरल्या. चित्रकलेचे सर पुठ्ठ्यामागून डोकं काढून माझ्याकडे बघत राहिले.

"कठं चालली गं?" पुढच्या एका म्हातारीने विचारलं. तासाभरापूर्वी तिने हेच नाटक शेवटपर्यंत पाहिलं होतं. तरी विचारलं.

"सडकेला. गाडी सडकेवरच थांबते."

"वहळाला पाणी असेल."

"हाय. छातीएवढं."

मधल्या ओळीतला एक माणूस उठला आणि त्याने हात पुढे केले. ताईंनी बोचकं त्याच्याकडे दिलं, साडी वर खोचली आणि अंगणाच्या कोरड्या मातीतून, पाण्याचा जोर अंगावर घ्यावा तशा तिरक्या, सावकाश चालत गेल्या. बोचकं डोक्याच्या वर धरून तो मागून गेला. माणसं सरकून वाट देत होती. मला नंतर कळलं, ताईंची मुलगी गेली त्या दिवशीही तोच बरोबर होता.

पलीकडे पोचल्यावर ताईंनी बोचकं परत घेतलं, चादर बाजूला करून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "इथंच." मग खाली बसल्या.

पहिल्या खेपेला रडलेल्या बायका आता नुसत्या बघत होत्या. बऱ्याच वेळाने पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जनजागृतीवर भाषण केलं.

आठवड्याने कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर दोन मिनिटांची फिल्म आली. पाहुण्यांच्या फोटोग्राफरने दुसरा प्रयोग चित्रित केला होता, पण त्यात गाडी नव्हती. ती त्याने आमच्यापैकी कुणाच्या तरी मोबाइलमधून, पहिल्या प्रयोगातून उचलली. ताई ओढा ओलांडतात, समोर भोंगा वाजवत गाडी येते, ताई हसतात. मग पाहुण्यांच्या टाळ्या आणि मागे बासरी. दोन प्रयोगांचा जोड कुठे आहे हे माहीत असूनही मला तो नीट दिसला नाही.

मी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. चांगलं चाललं होतं, कारण संतापात माझी भाषा सुधारते. ताई ग्रुपमध्ये नव्हत्या. मानधनावरच्या माणसांना त्यात कुणी घेतलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या कामासाठी जव्हारला आल्या तेव्हा मी त्यांना फिल्म दाखवली. "बघा, काय करून ठेवलंय. काढायला लावतो मी."

त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "परत लावा."

मी लावली.

"वहळाच्या पलीकडं गाडी उभी हाय यात."

"खोटं आहे ते, ताई."

"खोटंच हाय, सर. माहीत नाय का मला?" त्या जराशा चिडल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण काढायला लावू नका. तिच्या बापाच्या फोनवर पाठवा. तो त्या दिवशी भिवंडीला कामावर होता. त्यानं काहीच बघितलं नाय."

मी नंबर विचारला. एकेक आकडा त्यांनी सावकाश सांगितला आणि फिल्म पोचल्याची खूण उमटेपर्यंत माझ्या फोनवरून नजर काढली नाही.