मासिकात आलेले दाजी

पुरुषानं कसं दिसावं, या प्रश्नाचा मनापासून विचार केलेला एकच माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात मला माहीत आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. वरकुट्याला पाच एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, वय चोपन्न. मी बारामतीला शाळेत इंग्रजी शिकवतो. एकदा दाजी बारामतीत दाढीला बसले असताना समोर पुरुषांचं एक इंग्रजी मासिक पडलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावरच्या उघड्याबंब माणसाचं पोट पाहून दाजी अर्ध्या दाढीनिशी मासिक घेऊन थेट माझ्या घरी आले.

"पाव्हणं, ह्येच्या पोटाला सहा कप्पे हायेत. आमाला एकबी न्हाय. का न्हाय, ते वाचून सांगा."

तेव्हापासून दर महिन्याला नवा अंक घेऊन दाजी रविवारी हजर. मी वाचायचं, त्यांनी अमलात आणायचं. पुरुषानं तीन दिवसांची दाढी राखावी असं एकदा आलं. दाजींनी राखली, आणि चौथ्या दिवशी भावकीतली माणसं 'कोण गेलं?' म्हणून विचारायला आली. ॲव्होकॅडो खा असं आलं, तेव्हा "नाव घ्यायला जीभ वळंना, ते पोटात काय वळणार?" म्हणत त्यांनी त्याच्या जागी पेरू नेमला. अंडी मात्र रोज सहा सांगितली होती. आक्काच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव, म्हणून गोठ्यात वेगळी चूल मांडली गेली. म्हशींच्या देखत दाजी पांढरं खायचे आणि पिवळं कुत्र्याला घालायचे. तीन महिन्यांत तो कुत्रा असा काही दिसायला लागला की मुखपृष्ठावर शोभला असता.

आयुष्यभर दाजींनी उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवल्या, पण त्या मोजून चढवल्या नव्हत्या, त्यामुळे मासिकाच्या हिशेबी तो व्यायाम नव्हताच. आता पेंडीचं पोतं बारा वेळा वर, बारा वेळा खाली, अशा तीन पाळ्या. गडीमाणसं तोंड फिरवून हसायची. आक्का हसत नसे. दम लागला की दाजींचा आकडा चुकायचा, म्हणून ती ओट्यावर बसून मोठ्यानं मोजायची. "नऊ झालं, अजून दहा न्हाय," म्हणून दरडावायचीसुद्धा.

वर्षभरानं मासिकानं वाचकांचे फोटो मागवले, आधीचा आणि नंतरचा. दाजींचं पोट खरोखरच चार बोटं आत गेलं होतं. विहिरीपाशी त्यांना उघडं उभं करून मी फोटो काढला, पुतण्याच्या लग्नातला जुना फोटो जोडला आणि दोन्ही पाठवून दिले. दोन महिन्यांनी इंदापूरच्या स्टँडवरून दाजींचा फोन आला. "पाव्हणं, छापून आलो!"

मी वरकुट्याला पोचलो तेव्हा ओसरीवर भावकी जमली होती आणि पेढे वाटून झाले होते. मी पान उघडलं. डावीकडे विहिरीपाशी उभे असलेले दाजी, वर्षभर घाम गाळलेले. उजवीकडे अंगाला तेल लावलेला कुणी भलताच पोरगा. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. दाजींच्या खाली 'आधी' होतं.

"वाच की," आक्का म्हणाली. "काय लिहिलंय ह्यांच्याबद्दल?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, एवढं खोटं भाषांतर मी कधी केलं नव्हतं. "लिहिलंय, चोपन्नाव्या वर्षी माणसानं असं दिसावं."

टाळ्या पडल्या. दाजीही हसले. पुढच्याच आठवड्यात आक्कानं ते पान फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं.

परवा गेलो होतो. निघताना दाजी मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी गाडीला किल्ली लावली तरी ते हँडलवरचा हात काढेनात.

"पाव्हणं, असल्या जोड्या मी वर्षभर बघितल्यात," ते म्हणाले. "डावीकडं कंचा गडी उभा करत्यात, एवढं इंग्रजी कळतंय मला."

मी लावलेली किल्ली परत काढली.

"तुमच्या आक्काला सांगू नका," दाजी म्हणाले. "रोज सकाळी पदरानं काच पुसती ती."