कृत्तिकांच्या वेळेला चाललेला माग

आधीच सांगते, मी भुताखेतांची गिऱ्हाईक नाही. पदार्थविज्ञान शिकवण्यात केस पांढरे केलेत. या सदरातल्या पैंजणवाल्या बायांचे किस्से वाचून मी पोटभर हसते. तरी लिहितेय... कारण घडलं ते घडलं, आणि ते लपवायला मी तेव्हाही नकार दिला होता.

सत्तरचं दशक, सोलापूर. साखर पेठेत आमचं घर — खाली एक यंत्रमाग, वर आम्ही. आम्ही विणकर, घरात तेलुगू. वडिलांना नान्ना म्हणायचो. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय तारकागुच्छांचं रेडिओ सर्वेक्षण. म्हणजे ॲन्टेना आभाळाकडे रोखून ठेवायचा. गुच्छ त्याच्यासमोरून सरकताना तिकडून रेडिओ लहरी येतात का, ते हेडफोनवर ऐकायचं; यंत्राचं पेन कागदी पट्टीवर रेघ ओढत राहतं. माझ्या वाट्याला कृत्तिका आल्या. तिथून काही येणार नाही असाच माझ्या मार्गदर्शक सरांचा अंदाज होता. पण ‘काही नाही’ हेही कुणीतरी मोजावं लागतं की. मला हवी होती एक सरळ रेघ. ती मिळाली की पुढच्या संशोधनाची सीट पक्की.

सोलापुरात तेव्हा टीव्ही नव्हता. गच्चीवरचा सांगाडा बघून गल्ली विचारायची, “काय गं, कपडे वाळत घालायला केलंस व्हय?”

अडचण होती नान्नांच्या मागाची. त्याची एक वायर सैल होती. आडवा धागा नेणारा धोटा आपटला की दोनदा ठिणगी उडायची, तिसऱ्यांदा दांडी. ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात, म्हणून माझ्या हेडफोनमध्ये तोच लंगडा ठेका — खट्, खट्... गप्प. खट्, खट्... गप्प.

“नान्ना, ती वायर आवळा की.”

“आवळली की मोटार रुसते. तुझ्या चांदण्यांना किती वेळ लागतो?”

“तासभर.”

“मग तासभर माग बंद.”

तेवढं कापड कमी निघायचं, व्यापारी कटकट करायचा. पण मी जिन्यातून “नान्ना, बंद करा” म्हणून ओरडले की माग थांबलाच. एकदाही त्यांनी ‘एवढी फेरी होऊ दे’ म्हटलं नाही.

माघात नान्ना गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. अम्माने मोटार काढली, गोणीत बांधली नि कॉटखाली सारली.

फाल्गुनात मी परत गच्चीवर गेले. त्या दिवसांत कृत्तिका दुपारीच डोक्यावर येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ॲन्टेनाला उन्हाचं काय? हेडफोन लावला. आधी नेहमीची सूं सूं, आणि मग — खट्, खट्... गप्प.

धावत खाली आले. कॉटखालची गोणी ओढली. मोटार आत होती, गाठसुद्धा तशीच.

म्हटलं, शेजारच्या कुणाचा तरी माग असेल. दुसऱ्या दिवशी नेमकी वीजकपात, अख्खी गल्ली मुकी. माझं यंत्र बॅटरीवर चालायचं. ठेका आलाच. तिसऱ्या दिवशी तो मध्येच थांबला. धागा तुटल्यावर गाठ मारायला नान्नांना जेवढा वेळ लागायचा, तेवढाच थांबला आणि परत सुरू झाला.

खरी गोम पुढेच आहे. तारे रोज चार मिनिटं आधी डोक्यावर येतात. जमिनीवरची खरखर आपल्या घड्याळाने चालते, गिरणीच्या भोंग्याने चालते. हा ठेका मात्र रोज चार मिनिटं लवकर येत होता. कृत्तिकांबरोबर यायचा, कृत्तिकांबरोबर जायचा.

अम्मा म्हणाली, “नान्ना तिथं गेलेत गं. नारळ फोड.”

माझं डोकंच फिरलं. “माझ्या वेळेत नान्नांनी कधी माग चालवलाय? मग आत्ताच का चालवतील?”



चौथ्या दिवशीही तेच. रेघेची पार वाट लागलेली, सीट हातची जायची वेळ. मला राग आला होता आणि नान्नांची आठवण सोसवत नव्हती. जिन्याकडे तोंड करून मी ओरडले, “नान्ना, बंद करा की!”

आणखी एक खट्... आणि थांबला. पेन सरळ चालायला लागलं. त्यानंतर तो ठेका पुन्हा कधीच आला नाही.

सर म्हणाले, “बाकी रेघा छान आहेत. ते चार दिवस कापून टाक, यंत्रात बिघाड होता म्हणून.”

“बिघाड कुठला ते दाखवा, कापते.”

“सीट जाईल तुझी.”

“जाऊ दे.”

गेली. शाळेत मास्तरीण झाले, चांगली झाले. प्रबंधात ते चार दिवस आजही आहेत आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलंय — कारण माहीत नाही. अजूनही माहीत नाही. कुणी कारण सांगितलं तर कान देऊन ऐकेन. ‘बाप तारा झाला’ म्हणालात तर मात्र उठून जाईन.

फक्त एक गोष्ट राहून राहून मनात येते. मी ‘बंद करा’ म्हटलं नसतं, तर तो माग अजून किती दिवस चालला असता?